डाव्या हाताची खुर्ची

सांगायचं कोणी, हा प्रश्न तीन महिने घरात फिरत होता आणि प्रत्येकाने तो गुपचूप दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला होता. थोरल्याला वाटलं, बायकोने सांगितलं असेल. सकाळचा चहा ती बाबांबरोबर घेते. सुनेला वाटलं, हे काम पोटच्या मुलाचं. धाकट्या मुलीला वाटलं, नकाशा पाहिला की बाबांच्या आपोआप लक्षात येईल. आत्याला काहीच वाटलं नव्हतं. आधी तोंड कोण उघडतं, एवढंच ती बघत बसली होती. त्यामुळे रविवारी दुपारी पाचही जण रिकाम्या दवाखान्यात जमले तेव्हा तिथेच होणाऱ्या नव्या दवाखान्यात दोनच खुर्च्या आहेत, एक थोरल्याची आणि एक सुनेची, ही गोष्ट बाबा सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

जुनी खुर्ची गुरुवारीच गेली होती. ती जिथे चाळीस वर्षं होती तिथे फरशीला चार भोकं आणि गंजाचं एक वर्तुळ उरलं होतं. बेसिन काढलं होतं, पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकचं लाल बूच मारलं होतं. औषधांची कपाटं गेली होती, पण लवंगेच्या तेलाचा वास काही गेला नव्हता; तो भिंतींनी पिऊन ठेवला होता. सामानातलं फक्त बाहेरचं टेबल, दोन स्टुलं आणि पेशंट बसायचं लांब बाकडं शिल्लक होतं. टेबल हलवायला माणसं आली तेव्हा आत्या त्याच्यामागे बसून होती. “मी उठले की न्या,” ती म्हणाली आणि उठलीच नाही. पंचवीस वर्षं तिने त्या टेबलामागून पेशंटांना नंबर दिले होते, आणि ओरडणाऱ्याला सर्वांत शेवटचा दिला होता.

“उद्या साडेआठला प्लंबर येतोय,” पट्टी म्हणाली. “पाणी, हवा, लाळ ओढायचं सक्शन, सगळे पाइप फरशीखालून जाणार. एकदा ते गाडले की खुर्ची बोटभरही सरकत नाही. त्यामुळे ज्याला जे काही बोलायचं आहे ते आज बोला.”

थोरल्याने मापपट्टी उचलली, सुनेने नकाशा.

पट्टी म्हणजे बाबांची धाकटी. सातव्या वर्षी तिने घरातल्या सगळ्यांची नाकं मोजून वहीत लिहिली होती, तेव्हापासून तिचं नाव पट्टी. आता ती लोकांचे दवाखाने आणि दुकानं आखून देते. तिच्याकडे लॅपटॉप होता, नकाशा होता, रंगीत चित्रंही होती, पण या घरात त्यांना कोणी विचारत नव्हतं. बाबांचा नियम होता की कागदावरची खोली खोटी. फरशीवर खडूने खऱ्या मापाची काढायची, सगळ्यांनी त्यातून चालायचं, बसायचं, वाकायचं, आणि मग ठरवायचं. घरातलं स्वयंपाकघर असंच आखलं होतं. पट्टीचं पहिलं टेबलसुद्धा आधी खडूचं होतं आणि त्या खडूच्या टेबलावर तिने चार दिवस अभ्यास केला होता.

“दादा, तिकडचं टोक धर. घट्ट धर, मापपट्टी आहे, साप नाही.”

“धरलंय गं बाई,” थोरला गुडघ्यावर बसत म्हणाला. दहा वर्षं त्याने आणि त्याच्या बायकोने दुसऱ्यांच्या दवाखान्यांत दुसऱ्यांच्या वेळेवर दात काढले होते. आता ते आपल्या जागेत येत होते आणि त्याला आनंदही मोकळेपणाने होत नव्हता. बाबांकडे पाहिलं की त्याला आपण चोरी करायला आल्यासारखं वाटे, आणि तसं वाटलं की तो उगाचच चिडे.

खिडकीजवळची मोठी खोली पट्टीने आधी आखली. भिंत होतीच, दुसऱ्या बाजूला रेघ, तिथे काच येणार. मग खुर्चीची लांबट आकृती, डोकं भिंतीच्या कोपऱ्याकडे, पाय खिडकीकडे. मग ट्रे. मग डॉक्टरच्या स्टुलाचं वर्तुळ, समोर मदतनिसाच्या स्टुलाचं छोटं वर्तुळ आणि चूळ भरायच्या भांड्याची फुली.

बाबा खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभे होते. लोक पेपर वाचतात तशा ते खडूच्या रेघा वाचत. डॉक्टरचं वर्तुळ पेशंटच्या डाव्या अंगाला होतं. ट्रे डावीकडे. चूळ भरायचं भांडं उजवीकडे, भिंतीच्या बाजूला.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

बाबा डावखुरे. जगातल्या बहुतेक दातांच्या खुर्च्या उजव्या हाताच्या डॉक्टरसाठी बनवतात. डॉक्टर पेशंटच्या उजव्या अंगाला बसतो आणि मदतनीस डाव्या. दवाखाना काढला तेव्हा बाबांनी एका मेकॅनिकला दोन दिवस घरी जेवायला घालून खुर्ची उलटी करून घेतली होती. ट्रेचा हात इकडचा तिकडे, भांडं तिकडचं इकडे. तेव्हापासून या खोलीत बाबा डावीकडे आणि आई उजवीकडे, असे दोघे अडतीस वर्षं माणसांच्या तोंडावर ओणवे होऊन बसले. आईने कधी मागायला लावलं नाही, बाबांनी हात पुढे केला की त्यात हवं ते हत्यार असे. आईला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबा सकाळचेच बसत. हात अजून कापत नव्हता. फक्त हात पुढे केला की तो रिकामा राही, मग त्यांना आठवून मागावं लागे.

त्यांना फार काही नको होतं. सकाळचे दोन तास, जुने पेशंट, बस. पण हे त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. विचारतील, म्हणून ते थांबले होते.

आणि आता पोरांनी न विचारताच त्यांची खुर्ची आखली होती. डाव्या हाताची, त्याच जागी, खिडकीकडे पाय करून. पोरं बोलत नाहीत, पण लक्ष असतं, बाबांच्या मनात आलं. आपण उगाच तीन महिने मनात कुढत बसलो.

“काय बाबा, बरोबर आहे ना?” पट्टीने विचारलं.

“छान आहे,” बाबा म्हणाले. “फारच छान आहे.”

पट्टीने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने सुनेकडे. आत्याने टेबलामागून तिघांकडे पाहिलं आणि थर्मासचं झाकण उघडलं. एवढं गोड बाबा कधी बोलत नसत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सुनेचं लक्ष नकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात होतं. हत्यारं धुवायची आणि उकळायची खोली तिला आठ फुटांची हवी होती आणि पट्टीने तिला पाचात बसवलं होतं. मळकी हत्यारं एका दाराने आत, स्वच्छ दुसऱ्या दाराने बाहेर, ही तिची अट. पाच फुटांत दोन दारं केली तर आत माणूस उभा राहणार कुठे? यावरून नणंद-भावजयीत महिनाभर गोडीगुलाबीत लढाई चालली होती.

“इथे अजून तीन फूट मिळाले असते,” ती हळू आवाजात म्हणाली, “जर ती मधली...”

“वहिनी, त्यावर आपलं बोलणं झालंय.”

“झालंय. पटलं नव्हतं.”

“मग दादाला विचार.”

“मला यात ओढू नका,” थोरला म्हणाला. सून मनात म्हणाली, हा मधे पडला असता तर एव्हाना कितीतरी गोष्टी सांगून झाल्या असत्या. या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, किती शांत माणसं आहेत. शांत नव्हती, हे तिला हळूहळू कळलं. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून सगळेच आपापल्या खोलीत एकटे दुखत बसत. आणि तीही आता तेच करायला लागली होती.

पट्टीने दुसरी खोली आखायला घेतली. रेघ, रेघ, लांबट खुर्ची. ट्रे. डॉक्टरचं वर्तुळ पेशंटच्या डाव्या अंगाला.

बाबा कट्ट्यापासून सरळ झाले.

सून उजव्या हाताने लिहिते. थोरलाही. घरात डावखुरा माणूस एकच आहे आणि त्याला दोन खुर्च्या कशाला लागतील? त्यांनी दोन्ही वर्तुळांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांना सगळं कळलं, रोगी दार उघडून आत येताना गाल धरून येतो आणि डॉक्टरला दाढ कळते तसं. ही त्यांच्यासाठी आखलेली खुर्ची नव्हतीच. पट्टी लहानपणापासून याच दवाखान्यात बागडली, फळीवर बसून तिने गृहपाठ केला, आणि दाताच्या डॉक्टरची खुर्ची म्हणजे अशीच, एवढंच तिच्या डोळ्यांत बसलं होतं. हात नव्या नकाशावर चालला आणि त्याने जुनंच काढलं.

अर्धा तास. अर्धा तासच त्यांची खुर्ची होती.

“आणि हे काय?” त्यांनी दोन खोल्यांच्या मधल्या चौकोनाकडे बोट केलं. पाच बाय सहा. पट्टीने त्यात एक टेबल आणि एक खुर्ची काढली होती, साधी, बसायची.

पट्टीने खडू या हातातून त्या हातात घेतला. “ती... सल्ल्याची खोली.”

“सल्ला कोण देणार?”

“म्हणजे कोणी जुने पेशंट आले, बोलायचं असलं, तर बसायला.” ती दादाकडे न बघता म्हणाली. तीन महिन्यांत या एवढ्याशा चौकोनासाठी ती भावाशी आणि वहिनीशी भांडली होती. नुसतं टेबल-खुर्ची का होईना, पण बाबांचं नाव असलेलं दार पाहिजे, असा तिचा हट्ट. ते दार बाबांना दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र तिला तोंड वर करवेना.

“बरं,” बाबा म्हणाले.

एवढंच. आत्याने थर्मासमधला चहा पाच कपांत ओतला आणि कोणालाच दिला नाही.

“चला, बसून बघू,” थोरला टाळी वाजवून म्हणाला. गप्प बसण्यापेक्षा काहीतरी उचलाउचल करणं त्याला नेहमीच सोपं जाई. त्याने बाकडं ओढत आणून खडूच्या खुर्चीवर ठेवलं. “पेशंट कोण?”

“मी,” आत्या म्हणाली. “सकाळपासून पाठ टेकायची होती. पण एक सांगते, तोंड उघडीन, बोलणं बंद करणार नाही.”

“तुझे दात तरी आहेत का आत्या?” पट्टी म्हणाली.

“तुझ्या बापाने बसवलेत. त्याच्या हाताखालचा एक दात हलेल तर शपथ.” आत्या साडी सावरत बाकड्यावर आडवी झाली आणि तिने आ केला. “आक कवशी कशी...” आ केल्यावर तिचं बोलणं कोणाला कळेना, तरी ते चालूच राहिलं.

“मदतनीस लागेल,” पट्टी म्हणाली. “बाबा, तुम्ही बसा ना. आईच्या जागी.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. पण बाबांनी दुसरं स्टूल उचललं होतं.

खुर्चीला वळसा घालून ते भिंतीच्या बाजूला गेले आणि छोट्या वर्तुळावर स्टूल ठेवून बसले. चाळीस वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते. उभे राहिले असतील, काही घ्यायला गेले असतील, पण बसले नव्हते. बसल्यावर पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती ही की खिडकी दिसत नव्हती. त्यांच्या जागेवरून नेहमी दिसायची. समोरच्या इमारतीची गच्ची, वाळत घातलेले कपडे, आभाळ. दुपारी कंटाळा आला की ते पेशंटला चूळ भरायला सांगून बाहेर बघत. इथून फक्त समोर डॉक्टरच्या स्टुलावर बसलेल्या थोरल्याचा खांदा दिसत होता.

त्यांनी पेशंटच्या तोंडाकडे वाकायचा प्रयत्न केला. गुडघे बाकड्याला लागले. स्टूल मागे सरकवलं तर पाठीमागे भिंत. सरळ बसताच येईना. कंबर वाकडी करून उजवा खांदा मागे रेटला तेव्हा कुठे हात तोंडापर्यंत पोचला. आणि तो खांदा भिंतीला टेकला.

त्यांनी मान वळवून पाहिलं. भिंतीवर त्यांच्या खांद्याच्या उंचीवर तळहाताएवढा एक डाग होता. तिथला रंग गेला होता, खालचा गिलावा गुळगुळीत होऊन चकाकत होता.

“पट्टी,” ते म्हणाले, “हा डाग तू यादीत घेतलायस का?”

“हो. उत्तरेची भिंत, ओलीचा डाग, खरवडून रंग.”

“ओल नाहीये ही.”

पण तेवढ्यात थोरल्याचं काहीतरी बिनसलं होतं. तो डॉक्टरच्या स्टुलावर बसला होता, हातात आरशाऐवजी पेन्सिल. त्याने उजवा हात आत्याच्या तोंडाकडे नेला, तो तिच्या छातीवरून आडवा गेला. त्याने स्टूल पुढे घेतलं, मागे घेतलं. ट्रेकडे हात नेला तर ट्रे पाठीमागे. शेवटी तो कमरेत पिळलेल्या टॉवेलसारखा झाला आणि पेन्सिल आत्याच्या नाकात गेली.

“अरे मेल्या!” आत्या उठून बसली.

“अगं हे उलटं आहे!” थोरला म्हणाला. “पट्टी, सगळं उलटं आहे. मी इथे बसून कसं काम करणार?”

“उलटं कसं? असंच तर असतं.”

“कुठे असतं?”

“इथे...” पट्टी म्हणाली आणि थांबली.

सून दुसऱ्या खोलीत जाऊन आली. “माझीही तशीच आहे,” ती म्हणाली. “आणि तीनदा नकाशा पाहूनही मला कळलं नाही. मी माझी धुवायची खोलीच मोजत बसले.”

“मीही पाहिला होता,” थोरला म्हणाला. “मलाही काही वाटलं नाही. या खोलीत खुर्ची अशीच बघितलीय ना.” रोज दुसऱ्यांच्या दवाखान्यांत तो उजव्या बाजूला बसत होता. पण घरचा दवाखाना म्हटलं की त्याच्याही डोळ्यांपुढे बाबा डावीकडेच बसलेले असत.

आत्या हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “दोन डॉक्टर, एक आखणारी, आणि अख्खा दवाखाना डावऱ्या माणसाचा! उद्या तो प्लंबर फरशी फोडून मोकळा झाला असता, मग बसला असतात एकमेकांचे दात मोजत.” मग पट्टी हसली, सून हसली, थोरलाही नाक दाबून हसला. गेल्या दोन वर्षांत या खोलीत एवढं मोठ्याने कोणी हसलं नव्हतं. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांचा खांदा अजून भिंतीलाच होता.

“बाबा, तुमच्या लक्षात नाही आलं?” पट्टीने डोळे पुसत विचारलं. “तुम्ही तर रेघा बघूनच सांगता.”

“आलं होतं.”

“कधी?”

“पहिली खुर्ची काढलीस तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं...” बाबा म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. हसणं जागच्या जागी विझलं. पट्टीला ‘फारच छान आहे’ आठवलं. खडूची पांढरी बोटं तिने ओढणीत लपवली.

“मी सांगणारच होतो,” थोरला शेवटी म्हणाला. “मला वाटलं, हिने सांगितलं असेल.”

“मला वाटलं, तुम्ही.”

“मला वाटलं, नकाशावरून...”

“मला विचारा,” आत्या म्हणाली, “मला सगळं दिसत होतं आणि मीही गप्प बसले. म्हटलं, भावाला हे आपल्या तोंडून कशाला? मला अजून त्याच्याबरोबरच जेवायचंय.”

“बाबा, आठवड्यातून दोन सकाळी तुम्ही या ना,” सून घाईघाईने म्हणाली. “माझी खोली रिकामीच असते सकाळी. आपण माझी खुर्ची अशीच डाव्या हाताची ठेवू. मी शिकेन.”

“वेडी आहेस का?” बाबा तिच्यावर पहिल्यांदाच एवढ्या प्रेमाने रागावले. “आयुष्यभर वाकडी बसून काम करशील? का, तर सासऱ्याला वाईट वाटेल म्हणून? हे इकडे या सगळे. आधी हे बघा.”

ते स्टुलावरून उठले आणि त्यांनी थोरल्याला तिथे बसायला लावलं. “वाक. आता खांदा कुठे लागला?”

थोरल्याचा खांदा डागाच्या जरा वर लागला. तो आईपेक्षा उंच होता.

कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पट्टी पुढे आली आणि तिने त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवला. चार आठवड्यांपूर्वी तिने मोबाइलच्या उजेडात याचा फोटो काढून खाली ‘ओल’ असं लिहिलं होतं.

“अडतीस वर्षं,” बाबा म्हणाले. “ती म्हणायची, खुर्ची जरा तिकडे घ्या. मी म्हणायचो, बघू. मला वाटायचं, बायकांना सामान हलवायची हौस असते. संध्याकाळी खांद्याला शेक घ्यायची. मी विचारलं तर म्हणायची, वय झालं.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. फक्त ते भिंतीशी बोलल्यासारखे बोलत होते. “रोज समोर बसायची. दीड हातावर. मला पेशंटची अक्कलदाढ दिसायची, आणि ही दिसली नाही.”

आत्या टेबलामागे परतली आणि तिने त्याचा कोपरा धरला. आईने हे तिला कितीदा सांगितलं होतं आणि भावाला सांगू नका असंही बजावलं होतं. ते ओझं आता उतरायला हवं होतं, पण उतरलं नाही.

बाबांनी पट्टीच्या हातातून खडू घेतला आणि रेघा पुसायला फडकं मागितलं. ते गुडघ्यावर बसले. थोरला उचलायला धावला तर त्यांनी त्याला हातानेच बाजूला केलं. त्यांनी दोन्ही खोल्यांतली ट्रेची चौकट पुसली, डॉक्टरचं वर्तुळ पुसलं, फुली पुसली, आणि सगळं आरशात दिसतं तसं दुसऱ्या अंगाला काढलं. डाव्या हाताने ते उजव्या हाताची खुर्ची काढत होते. मग त्यांनी खिडकीच्या खोलीतली खुर्ची भिंतीपासून दीड फूट अलीकडे ओढली.

“भिंतीकडे आता तू बसशील,” ते थोरल्याला म्हणाले. “इकडे मदतनीस. तिलाही मागे टेकायला जागा हवी. म्हणजे ही काच दीड फूट सरकली.”

“काच सरकली तर मधली खोली साडेतीन फुटांची होते,” पट्टी म्हणाली.

“साडेतीन फुटांत माणूस बसत नाही, खोकी ठेवतात.” बाबांनी ओलं फडकं घेतलं आणि तो चौकोन पुसायला सुरुवात केली. आधी टेबल. मग साधी बसायची खुर्ची.

“बाबा, ती तुमची खोली आहे!” पट्टीच्या तोंडून निघून गेलं.

“कळलं मला.”

“राहू द्या ना,” सून म्हणाली. महिनाभर तिने याच तीन फुटांसाठी वाद घातला होता. “माझं पाचात भागेल. खरंच भागेल.”

“पाचात भागत नाही. दोन दारं हवीत. तुझं बरोबर आहे, पट्टीचं चुकलं. माणसाचं भागतं गं, भागवून घेतात माणसं. म्हणून भागवायला लावायचं नसतं.” त्यांनी उरलेली रेघ एका ओढीत पुसली आणि धुवायची खोली मोजून आठ फुटांची केली. “आणि त्या मदतनीस मुलीच्या स्टुलाला पाय ठेवायला कडं घ्या. खिडकी तिच्या बाजूला आलीय, ती अडवून कपाट लावू नका. ती जे मागेल ते त्याच आठवड्यात करायचं. ‘बघू’ म्हणायचं नाही.”

“हो,” थोरला म्हणाला. त्याला अजून बरंच बोलायचं होतं. बाबा, तुम्ही बसा, मी नंतर येईन, पाच वर्षं थांबेन, असं काहीतरी. पण त्यातलं किती खरं होतं हे त्याचं त्यालाच कळेना, म्हणून त्याने बाबांना हात देऊन उठवलं. या वेळी त्यांनी तो घेतला.

“हा डाग तसाच ठेवू या का?” पट्टीने विचारलं. “मी त्याच्याभोवती रंग...”

“नाही. नीट खरवडून रंगवा. ती काही आठवण नाही, माझी चूक आहे. पुन्हा तिथे कोणाचा खांदा लागता कामा नये.”

मग सगळे कामाला लागले. सगळ्यांना घाईने काहीतरी काम हवं होतं. पट्टी नवी मापं लिहायला बसली. सून आठ फुटांच्या खोलीत एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने बाहेर चालून पाहू लागली. खोली तिला हवी होती तशीच झाली होती आणि तिला मुळीच आनंद झाला नाही. थोरल्याने बाकडं जागेवर नेऊन ठेवलं.

बाबांचे हात खडूने पांढरे झाले होते. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ते बेसिनकडे वळले. तिथे पाइपाचं लाल बूच होतं. हात पुढे धरून ते थोडा वेळ भिंतीसमोर तसेच उभे राहिले.

आत्याने ते टेबलामागून पाहिलं. ती पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन उठली आणि तिने त्यांच्या हातांवर पाणी धरलं. पंचवीस वर्षांत ती टेबल सोडून भावापर्यंत चालत गेल्याची ही पहिलीच वेळ असावी.

“चहा गार झाला,” ती म्हणाली.

“असू दे. अक्का, उद्या किती आहेत?”

रोज दवाखाना बंद करताना ते हेच विचारत आणि ती रजिस्टर उघडून आकडा सांगे. आता रजिस्टर घरी खोक्यात गेलं होतं आणि पुढचे सगळे पेशंट थोरल्याच्या मोबाइलवर येणार होते. आत्याने टेबलाकडे पाहिलं, मग पोरांकडे.

“एकच,” ती म्हणाली. “प्लंबर. साडेआठला.”

“म्हणजे आठला यायला हवं,” बाबा म्हणाले. त्यांनी बाह्या खाली केल्या, उरलेला खडूचा तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि ते जिना उतरू लागले.

पट्टीने मापं लिहिता लिहिता मान वर केली. थोरल्याने बायकोकडे पाहिलं, तिने आत्याकडे. तुम्ही यायची आता गरज नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. प्रत्येकाला वाटलं, या वेळी दुसऱ्यानेही सांगू नये.